थंड पाण्यातलं धुणं: डिटर्जंट कुठलं, सॉफ्टनर कशाला?

प्रश्न असा आहे: "मशीनला थंड पाण्याचीच जोडणी आहे आणि पाणी तापवायचं बटण आम्ही वापरत नाही. पावडर वापरली की गडद कपड्यांवर पांढरे कण दिसतात. टॉवेल वाळले की पुठ्ठ्यासारखे ताठ होतात. म्हणून सॉफ्टनर दुप्पट घालायला सुरुवात केली, तर आता टॉवेल मऊ लागतात पण पाणी टिपत नाहीत, शिवाय एक कुबट वास येतो. थंड पाण्यासाठी कोणतं डिटर्जंट आणि कोणतं सॉफ्टनर घ्यावं?"

तुम्ही दोन वस्तूंची नावं विचारली आहेत, पण दुखणं एकच आहे. तुमच्या कपड्यांत काहीतरी राहून जातंय. आधी डिटर्जंट राहत होतं, आता त्यावर सॉफ्टनरचा लेप चढतोय. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण हीच चूक मी स्वतः मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. मी एका व्यावसायिक लॉन्ड्रीत होते तेव्हा टॉवेल कडक येतात अशी तक्रार आली. आम्ही सॉफ्टनर वाढवलं. आठवडाभराने नवी तक्रार: टॉवेल अंगावरून नुसता घसरतो, पाणी जागचं हलत नाही. शेवटी एका जुन्या कारागिराने स्पिन होऊन आलेल्या ओल्या टॉवेलवर फिनॉल्फ्थॅलिनचा, म्हणजे अल्कली असेल तर गुलाबी होणाऱ्या रसायनाचा, थेंब टाकला. थेंब लालगुलाबी झाला. म्हणजे शेवटच्या खंगाळणीनंतरही कापडात डिटर्जंटची अल्कली शिल्लक होती. डिटर्जंट कमी केलं, एक खंगाळणी वाढवली, आणि सॉफ्टनरचा प्रश्न जवळजवळ संपला. तेव्हापासून कोणी सॉफ्टनरबद्दल विचारलं की मी आधी डिटर्जंटबद्दल विचारते.

आता थंड पाण्याकडे. हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याचं एक चक्र मांडलं. लॉन्ड्रीच्या धंद्यात ते अजून शिकवलं जातं. मळ निघतो तो चार गोष्टींच्या जोरावर: रसायन, उष्णता, वेळ आणि घुसळण. एक कमी केली तर उरलेल्या तिघींनी तिची भरपाई करायची. तुम्ही उष्णता काढून घेतलीत, तेव्हा डिटर्जंट जास्त हुशार हवं (जास्त प्रमाणात नव्हे, हुशार) आणि वेळ जास्त द्यायला हवा. लोक नेमकं उलटं करतात. थंड पाणी, पंधरा मिनिटांचा 'क्विक वॉश' आणि वरून मूठभर जादा पावडर.

उष्णता काढून घेण्यात शहाणपण मात्र नक्की आहे. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते, ३० अंशांवर न्यायला ०.१७ युनिट. ड्रम फिरवायला त्यामानाने फारच कमी लागते. शिवाय थंड पाण्यात रंग कमी सुटतो, इलॅस्टिक टिकतं, आणि रक्तासारखा प्रथिनांचा डाग शिजून पक्का होत नाही. म्हणून तुमचा निर्णय मी बदलायला सांगणार नाही, फक्त त्याच्या मर्यादा सांगेन.

पहिली मर्यादा 'थंड' या शब्दातच आहे. मशीनवर 'कोल्ड' लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा अर्थ एवढाच की नळातून येईल ते पाणी. ते २५ अंशांचं असेल तर बहुतेक चांगली डिटर्जंटं नीट काम करतात. १५ अंशांच्या खाली गेलं की जवळजवळ सगळ्यांचीच चाल मंदावते. एकदा बादलीत थर्मामीटर बुडवून बघा. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजतं हे आपण बाटलीत बघतोच. कॉलरवरचा आणि उशीच्या अभ्र्यावरचा तेलकट मळ असाच वागतो. त्वचेचं तेल शरीराच्या उबेला मऊ असतं, गार पाण्यात ते मेणासारखं घट्ट होऊन धाग्याला धरून बसतं. घट्ट झालेलं तेल पाण्यात उचलून नेणं हे थंड धुण्यातलं सगळ्यात कठीण काम. माती, घाम, सांडलेला गोड पदार्थ यांचं तेवढं काही नाही.

म्हणूनच साध्या साबणाचा चुरा किंवा किसलेली वडी थंड पाण्याच्या मशीनसाठी मी सुचवत नाही, 'नैसर्गिक' म्हणून कितीही आवडत असली तरी. चरबीपासून बनलेला साबण गार पाण्यात नीट विरघळतच नाही. प्रत्येक साबणाला आणि ऋण भाराच्या प्रत्येक सर्फॅक्टंटला (सर्फॅक्टंट म्हणजे डिटर्जंटमधला मळ सोडवणारा मुख्य घटक) एक किमान तापमान असतं, त्याला क्राफ्ट तापमान म्हणतात. त्याच्या खाली त्याचे रेणू एकत्र येऊन मळाला घेरणारे गोळे बनवू शकत नाहीत. चरबीतल्या स्टिअरिक आम्लाच्या साबणाचं हे तापमान नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी वर असतं. त्यात पाणी जड, म्हणजे कॅल्शियमचे क्षार जास्त असलेलं, असेल तर साबण कॅल्शियमशी जुळून चिकट करडा साका बनवतो, आणि तो साका कपड्यावरच बसतो.

मग घ्यायचं काय? डब्याच्या पुढच्या बाजूला असलेले बर्फाचे स्फटिक आणि निळे डोंगर विसरा, डबा उलटा करा. घटक छापलेले असतील तर दोन शब्द शोधा. पहिला 'नॉनआयॉनिक सर्फॅक्टंट'. याच्यावर भार नसतो, त्यामुळे जड पाण्यातल्या कॅल्शियमची त्याला फारशी पर्वा नसते आणि तेलकट मळावर, विशेषतः पॉलिएस्टरवर, तो कमी तापमानातही चांगला चालतो. स्वस्त पावडरींचा मुख्य सर्फॅक्टंट ऋण भाराचा असतो, बहुधा एलएएस (लिनिअर अल्काइलबेंझिन सल्फोनेट). तो वाईट नाही, मातीवर उत्तम आहे, पण गार आणि जड पाण्यात एकटा पडला की थकतो. दोन्ही मिळून असतील तर जोडी जमते.

दुसरा शब्द 'एन्झाइम', म्हणजे मळाचे मोठे रेणू तोडणारं प्रथिन, आणि अनेकवचनी असेल तर उत्तम. इथे जरा थांबते, कारण थंड धुण्याचा खरा कणा हाच आहे. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या ओटो रोम यांनी १९१३ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं होतं. जिवाणूंपासून मिळवलेली, डिटर्जंटच्या अल्कलीत तग धरणारी एन्झाइमं १९६०च्या दशकात बाजारात आली आणि मग हे प्रकरण खऱ्या अर्थाने चालू लागलं. आज चांगल्या डिटर्जंटमध्ये प्रोटिएज असतं, ते रक्त, घाम, गवत यांतली प्रथिनं तोडतं. अमायलेज पिठूळ डागांवर चालतं. लायपेज तेलाचे तुकडे करतं, म्हणजे वर सांगितलेल्या कॉलरच्या मेणावर हेच आपलं हत्यार. आणि चौथं सेल्युलेज, ज्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जुन्या सुती कपड्यावर धाग्यांचे बारीक केस उठलेले असतात, त्यांच्यामुळे रंग धुरकट दिसतो आणि कापड खरखरीत लागतं. सेल्युलेज ते केस कुरतडून टाकतं. सुती कापडाला मऊपणा आणायचा हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग, कारण यात वर काही थापलं जात नाही, उलट नको ते निघून जातं.

पण एन्झाइमांना वेळ लागतो. ढोबळ हिशेब असा धरा की तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांचा वेग निम्म्यावर येतो. ४० अंशांवर जे काम वीस मिनिटांत झालं असतं त्याला २० अंशांवर ऐंशी मिनिटं लागू शकतात. गार पाण्यासाठी खास घडवलेली एन्झाइमं यापेक्षा बरी असतात, तरी क्विक वॉशच्या पंधरा मिनिटांत ती नुसती आळस देऊन उठतात. तेव्हा लांब प्रोग्राम लावा, किंवा मशीन पाच मिनिटं फिरवून तासभर थांबवून ठेवा. अशा थांबण्याला वीज लागत नाही. आणखी एक, एन्झाइमं ही प्रथिनंच, ओल आणि उष्णतेने मरतात. वर्षभराचा साठा करून डबा मशीनच्या डोक्यावर उघडा ठेवू नका. आणि लोकर, रेशीम ही कापडंही प्रथिनांचीच असल्यामुळे प्रोटिएज त्यांनाही खातं. त्यांच्यासाठी वेगळं, एन्झाइम नसलेलं, उदासीन पीएचचं लिक्विड ठेवा. त्यावर तडजोड नको.

पावडर की लिक्विड? थंड पाण्यात रोजच्या रंगीत कपड्यांसाठी लिक्विड. ते आधीच विरघळलेलं असतं. तुमच्या गडद कपड्यांवरचे पांढरे कण न विरघळलेल्या पावडरीचे असतील, नाहीतर झिओलाइटचे. झिओलाइट पाण्यातला कॅल्शियम पकडायला घातलेलं असतं आणि ते पाण्यात विरघळणारं नाहीच, खंगाळून वाहून जायला हवं. पावडरीची बाजूही आहे. काही पावडरींत सोडियम परकार्बोनेट असतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटून रंगीत डाग फिके पडतात. लिक्विडमध्ये असं ब्लीच सहसा नसतं. मात्र परकार्बोनेट एकटं ६० अंशांच्या आसपास खुलतं. सोबत टीएईडी नावाचा साथीदार असेल तर ४०लाही बऱ्यापैकी चालतं. २० अंशांवर दोघांकडून फार आशा धरू नका. पांढऱ्या कपड्यांसाठी पावडर ठेवायचीच असेल तर आधी अर्ध्या तांब्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, मग घाला. पॉड (विरघळणाऱ्या फिल्ममध्ये बांधलेली डिटर्जंटची पुडी) वापरत असाल तर तो रिकाम्या ड्रमच्या तळाशी, कपड्यांच्या खाली टाका. गार पाण्यात त्याची फिल्म अर्धवट विरघळून शर्टाला शेंबडासारखी चिकटलेली मी अनेकदा खरवडली आहे.

प्रमाणाबद्दल बोलायचं तर आधी पाणी ओळखा. स्वच्छ बाटलीत एक तृतीयांश पाणी घ्या, साध्या साबणाचे काही थेंब टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली नितळ पाणी असेल तर पाणी मऊ. फेस नाही आणि पाणी दुधट झालं तर जड. चाचणी अहवाल हाताशी असेल तर लिटरला १२० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे जड, १८०च्या वर फारच जड. पाणी मऊ असेल तर डब्यावर दिलेल्या मापाचा खालचा आकडा पुरे. जड असेल तर नुसता धुण्याचा सोडा वाढवत जाऊ नका. सोडा कॅल्शियमला पांढऱ्या भुकटीच्या रूपात खाली बसवतो आणि ती भुकटी बसायला जागा शोधते ती धाग्यांतच. महिनोन्‌महिने सोड्याच्या पावडरीत धुतलेलं कापड खडबडीत आणि करडं होतं ते यामुळे. सायट्रेट किंवा पॉलिमर असलेलं डिटर्जंट कॅल्शियमला पाण्यातच धरून ठेवतं.

फेसावरून मात्र डिटर्जंट निवडू नका. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. आडव्या ड्रमच्या मशीनमध्ये जास्त फेस झाला की कपडे एकमेकांवर आपटत नाहीत, गादीवर पडल्यासारखे पडतात, म्हणजे सिनरच्या चक्रातली घुसळणही गेली. वर तो फेस खंगाळून निघत नाही, आणि गार पाण्यात तर नाहीच.

आता तुमचे टॉवेल. एक टॉवेल घ्या आणि काहीही न घालता नुसत्या पाण्यात पूर्ण प्रोग्रामवर फिरवा. दहा मिनिटांनी काचेतून किंवा झाकण उघडून बघा. फेस दिसला तर तो जुन्या डिटर्जंटचा. माझा अंदाज, दिसेलच. फेस दिसेनासा होईपर्यंत सगळे टॉवेल असे दोन-तीनदा काढा. यातली एक फेरी तेवढी कोमट पाण्याची केलीत तर सॉफ्टनरचा लेप लवकर सुटेल, आणि त्या फेरीत थोडं नॉनआयॉनिक लिक्विड घाला. धुवायच्या आधी वाळक्या टॉवेलवर पाण्याचा थेंब टाकून बघा, नंतर पुन्हा टाका. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर लेप आहे, पटकन शोषला गेला तर सुटला.

कडकपणाचं दुसरं कारण धुण्यात नाहीच, वाळवण्यात आहे. काओ कंपनी आणि होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की हवेत वाळलेल्या सुती तंतूंच्या पृष्ठभागावर अगदी थोडं पाणी बांधलं गेलेलं उरतं आणि ते तंतूंना डिंकासारखं एकमेकांना चिकटवतं. वारा नसलेल्या जागी न हलता वाळलेला टॉवेल म्हणूनच ताठ होतो, आणि हातांनी चुरगाळला की मऊ पडतो. वाळत घालण्याआधी दोन-चार जोरदार झटके द्या, वाळल्यावर पुन्हा झटका. हे काम फुकट आहे आणि सॉफ्टनरच्या निम्म्याहून अधिक कामाची जागा घेतं, असा माझा अनुभव.

सॉफ्टनर नेमकं करतं काय? त्यातल्या रेणूला चरबीसारख्या दोन लांब शेपट्या असतात आणि डोक्यावर धन भार. ओल्या तंतूवर किंचित ऋण भार असतो, म्हणून डोकं कापडाला चिकटतं आणि शेपट्या बाहेर राहतात. त्या शेपट्यांमुळे तंतू एकमेकांवरून घसरतात, स्थिर वीजही साठत नाही. वर सांगितलेला पाण्याचा डिंकही कमी लागतो. पण शेपट्या तेलकट आहेत, त्यांना पाणी आवडत नाही. टॉवेल टिपत नाही तो याच कारणाने. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात जुनी, निसर्गात सहज न कुजणारी रसायनं मागे पडून सहज कुजणारी 'एस्टरक्वाट' आली. निवडायचंच झालं तर एस्टरक्वाटचं, सौम्य किंवा बिनवासाचं घ्या. उग्र सुगंध हे मला दडवादडवीचं लक्षण वाटतं.

धन भाराचं सॉफ्टनर आणि ऋण भाराचं डिटर्जंट एकत्र आले की एकमेकांना मिठी मारून निकामी होतात आणि वर चिकट गाळ सोडतात. म्हणून सॉफ्टनर कायम शेवटच्या खंगाळणीत, आणि आधीची खंगाळणी स्वच्छ झालेली असेल तरच. तुमच्याकडे नेमकं हेच घडलं: डिटर्जंट राहिलं, त्यावर सॉफ्टनर पडलं, दोघांचा लगदा टॉवेलवर बसला. घट्ट सॉफ्टनर गार पाण्यात जेलीसारखं होऊन कप्प्यात अडकतं, तेव्हा ते दुप्पट पाण्यात पातळ करून ओता.

टॉवेल, पुसण्याची मायक्रोफायबर कापडं, खेळाचे घाम शोषणारे कपडे आणि पाणी अडवणारी जाकिटं यांना सॉफ्टनर लावूच नका. लहान मुलांच्या ज्वालारोधक रात्रीच्या कपड्यांनाही नको, त्या लेपामुळे त्यांचा आग रोखण्याचा गुण घटतो. सुती चादरी, शर्ट, स्थिर वीज धरणारे कृत्रिम धाग्यांचे कपडे, इथे थोडं चालेल. 'टू इन वन' पावडरींपैकी काहींत बेंटोनाइट माती असते, तिचा घसरता थर कापडावर बसतो. धुणं ठीकठाक, मऊपणाही ठीकठाक. घाईच्या घराला पुरतं, मला स्वतःला रुचत नाही.

टॉवेलांसाठी सॉफ्टनरऐवजी सायट्रिक ॲसिड वापरा. लॉन्ड्रीत शेवटच्या खंगाळणीत 'सावर' घालतात, तेच हे काम: उरलेली अल्कली मारणं. मध्यम आकाराच्या मशीनला एक सपाट चहाचा चमचा, कपभर पाण्यात विरघळवून, सॉफ्टनरच्या कप्प्यात. ते कापडावर काही चढवत नाही, फक्त अल्कली आणि थोडे क्षार सोडवतं. क्लोरीनचं ब्लीच वापरलेल्या धुण्यात मात्र ते किंवा व्हिनेगर चुकूनही घालू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

राहिला कुबट वास. थंड पाणी जंतू मारत नाही, वाहून नेतं तेवढंच. नेहमी गार पाणी, भरपूर लिक्विड आणि सॉफ्टनर असं चाललं की ड्रमच्या मागे आणि रबराच्या घडीत बुळबुळीत थर साठतो आणि प्रत्येक धुण्याला आपला वास देतो. महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून ६० अंशांवर किंवा त्याहून वर, परकार्बोनेटच्या पावडरीसह चालवा. ते तापवायचं बटण यासाठी तरी वापरा. घरात कोणी आजारी असेल तर त्याची चादर-टॉवेलही ६०वर. धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी असेल तर अंथरुणाला ५५ अंशांच्या खाली उपयोग नाही.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगायचं तर नवं सॉफ्टनर विकत घेऊ नका, असलेलं चादरींना संपवा. एन्झाइम आणि नॉनआयॉनिक असलेलं लिक्विड घ्या, आत्ता घालता त्याच्या दोन तृतीयांश घाला, लांब प्रोग्राम आणि एक जादा खंगाळणी लावा. ड्रम वरून वीतभर रिकामा ठेवा. कॉलर आणि काखेवर तेच लिक्विड बोटाने चोळून अर्धा तास ठेवा, मग मशीनमध्ये टाका. आधी मशीनची गरम फेरी, मग टॉवेलांची बिनडिटर्जंटची फेरी, हा क्रम उलटा करू नका, नाहीतर निघालेला वास परत टॉवेलात जाईल. तीन-चार धुण्यांनंतर पुन्हा थेंबाची परीक्षा घ्या. तरीही टॉवेल खरखरीत लागला तर त्याचे फास पार झिजले आहेत, त्याला पुसायच्या कापडात घाला.